थंडीतला एसी

"अगं, भर गॅस आणि दे सोडून. जुनी गाडी आहे, गळणारच," स्टुलावर बसल्या बसल्या बाबा म्हणाले.

माझ्या बायकोने बॉनेटखालून डोकंही वर काढलं नाही. "गळतंय म्हणजे कुठून तरी गळत असणार ना, बाबा? ते कुठून, एवढं सापडू द्या."

गॅरेज बाबांचं, गाडी बाबांची, हट्ट मात्र हिचा. बाबांनी जन्मभर एकच काम केलं, गाड्यांचे एसी. त्यातही जुन्या गाड्या, ज्यांना शोरूमवाले दारात उभं करत नाहीत. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. पाना कुठल्या बाजूने फिरवायचा हे मला अजून विचारावं लागतं. ही लग्न होऊन घरात आली, बाबांचा डबा घेऊन गॅरेजात जाऊ लागली, आणि एक दिवस डबा पोचवून परत आलीच नाही. संध्याकाळी उगवली ती कोपरापर्यंत हात काळे करून. तेव्हापासून सासरा-सून गॅरेजात आणि मायलेक घरात, अशी आमच्या संसाराची वाटणी झाली.

पण आता बाबांचे हात थरथरायला लागले होते, आणि शेजारच्या टायरवाल्याचा जागेवर कधीपासून डोळा होता. "दोघं मिळून रेटत होतो ते वेगळं. तुला एकटीला झेपायचं नाही, सूनबाई. देऊन टाकतो त्याला," असं बाबांनी जेवताना सांगून टाकलं. ही ताटावरून उठून गेली. मी मागे गेलो तर म्हणाली, "मला ते गॅरेज हवंय. तुझ्या बापाचं आहे म्हणून नाही. मला ते काम येतं म्हणून." हिला मी रडताना फारसं पाहिलेलं नाही. त्या दिवशी पाहिलं.

त्यात बाबांच्या स्वतःच्या गाडीची तऱ्हा. दर उन्हाळ्यात तिचा गॅस संपलेला असायचा. एसीवाल्याच्याच गाडीत घाम गाळत बसावं लागतं, म्हणून टायरवाला गिऱ्हाइकांसमोर दात काढायचा. बाबा गॅस भरायचे, उन्हाळा निघायचा, पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न.

हिने आधी साबणाचा फेस लावून सगळे सांधे बघितले. एक बुडबुडा नाही. मग टॉर्च घेऊन कॉम्प्रेसरच्या तोंडाशी गेली आणि तिथली धूळ बोटाने पुसली. बोट तेलकट झालं. "गॅसबरोबर तेल फिरतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलाची ओल राहते," तिने मला समजावलं, कारण समजावून घ्यायची गरज असलेला तिथे मी एकटाच होतो. उरलासुरला गॅस तिने बाटलीत ओढून घेतला, कॉम्प्रेसर उघडला आणि आतलं रबरी सील बाबांच्या तळहातावर ठेवलं. लिंबाच्या वाळलेल्या सालीसारखं कडक, आणि कडेला भेगा.

"बाबा, हिवाळ्यात एसी लावता?"

"हिवाळ्यात? मला काय वेड लागलंय?"

बाबा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे, की हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा एसी चालवा, तेल फिरलं नाही तर सील वाळेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःच्या वस्तूला हात लावायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. नवे शर्ट कपाटात राहून राहून तोकडे झाले. चांगले कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे त्यांच्या मते कधीच तेवढे चांगले नसत. एसीही असाच जपून ठेवलेला.

ते सील बाबांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. पण हार मानतील तर ते बाबा कसले! "बदल सील. पुढच्या उन्हाळ्यात वरून गॅस न भरता गार हवा आली, तर गॅरेज तुझं. नाही आली, तर टायरवाल्याचं."

"चालेल," ही म्हणाली.

हिने सील बदललं, सगळ्या सांध्यांच्या रबरी चकत्या बदलल्या, पंप लावून आतली हवा न् ओल ओढून काढली आणि गेजच्या काट्याकडे बघत चहा प्यायली. काटा जागचा हलला नाही, म्हणजे आता कुठे गळत नव्हतं. मग मोजून गॅस भरला.

हिवाळा आला आणि आमचे हाल सुरू झाले. दर रविवारी बाबांना दुपारची झोप लागली, की ही मला आणि आईला गाडीत कोंबायची. काचा वर, एसी चालू. आई शालीत, मी मफलर-कानटोपीत. सिग्नलला शेजारचे लोक आमच्याकडे बघून हसायचे. "तुझ्या बायकोपायी मला न्यूमोनिया होणार," आई दात वाजवत म्हणायची, पण पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी शाल घेऊन तयार.

एका रविवारी परत आलो तर बाबा फाटकात उभे. हिने काच खाली केली, आतला गारठा त्यांच्या तोंडावर गेला.

"डोकं फिरलंय का तुमचं? थंडीत एसी?"

"तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना, बाबा."

बाबांनी हात पुढे केला, किल्ली घेतली, खिशात टाकली आणि आत गेले. हिचा चेहरा पडला. हिवाळा अजून बराच बाकी होता.

पुढच्या रविवारी आई बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "मला बहिणीकडे सोडा." बाबांनी गाडी काढली. आई शेजारी बसली, शाल नीट केली आणि बटण दाबलं. बाबांनी बंद केलं. आईने पुन्हा दाबलं.

"अहो, गाडी तुमची असेल, पण तुमच्याबरोबर जन्म मी काढलाय. हात लावून बघा बटणाला."

उरलेला सगळा हिवाळा मावशीला दर रविवारी पाहुणचार करावा लागला, आणि बाबा स्वेटर चढवून, नाक पुसत, एसी लावून गाडी चालवत राहिले.

उन्हाळा तापला तसा टायरवाला मोजपट्टी घेऊनच आला. भर दुपारी गाडी उन्हात उभी होती, दाराला हात लावला तर चटका बसत होता. बाबा आत बसले. ही बघायलाही आली नाही. पलीकडे दुसऱ्याच गाडीच्या बॉनेटखाली होती.

बाबांनी इंजिन सुरू केलं, बटण दाबलं आणि हवेच्या झरोक्यासमोर हात धरला, उलटा. तसाच धरून ठेवला. मग दार ओढून घेतलं, काच वर केली, डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. बाहेर आम्ही घामाने निथळत उभे. टायरवाल्याने न राहवून काचेवर टकटक केली.

बाबांनी काच चार बोटं खाली केली. "या, बसा घटकाभर. गार व्हा. मग ती पट्टी घेऊन घरी जा."

मला इतकं हसू आलं, की मला खांबाला धरावं लागलं. आणि हसता हसता डोळे भरून आले, ते मी लपवलंही नाही.

तेवढ्यात एक जुनीपुराणी गाडी धापा टाकत फाटकातून आत आली. चालकाने बाबांना बघून हाक मारली, "काका, एसी गार होत नाही. जरा बघता का?"

"मी बघत नाही आता," बाबा आतूनच म्हणाले. "मालकीणबाईंना विचारा. त्या काय, तिकडे आहेत."

आणि त्यांनी काच पुन्हा वर केली.