तक्रार नाही, साहेब

छावणीतल्या कायदा-मदत कक्षात तीन खुर्च्या होत्या. त्यातली एक लंगडी, आणि नवा माणूस आला की हटकून तिच्यावरच बसायचा. कक्ष चालवणाऱ्या बाईंना सगळे यादीबाई म्हणत, कारण शहरातल्या वकिलांची यादी त्यांच्या ताब्यात होती. यादी सरकारी होती, शेरे मात्र बाईंचे स्वतःचे. 'फी कमी, तोंड जास्त.' 'फोन उचलत नाही. बायको उचलते, तीच बरी.' 'जवानाचा पगार बघून फी सांगते. आधी हिला फोन करावा.'

फौजेचा स्वतःचा कायदा अधिकारी होता, पण त्याने फक्त सल्ला द्यायचा. बाहेरच्या कोर्टात उभं राहायची त्याला परवानगी नव्हती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात खरं, पण दुसऱ्याने ओढून नेलं तर शहाण्याने काय करावं, हे म्हणणाऱ्याने सांगून ठेवलेलं नाही. ते सांगायला यादीबाई होत्या.

सोमवारी सकाळी एक ट्रक ड्रायव्हर आला आणि लंगड्या खुर्चीवर बसला. ती डुगडुगू नये म्हणून पायांनी तोल सांभाळत राहिला, पण दुसरी खुर्ची काही त्याने ओढली नाही.

"काय अडचण आहे?" बाईंनी विचारलं.

"तसं काही विशेष नाही, मॅडम."

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. 'काही विशेष नाही' म्हणणाऱ्यांची प्रकरणं सगळ्यांत वाईट निघतात, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा अनुभव. आणि तसंच झालं. पुढच्या मंगळवारी त्याची तुकडी सीमेवर निघायची होती, अकरा महिन्यांसाठी. तयारीपायी दोन महिने तो बराकीतच मुक्कामाला होता, घरी फक्त रविवारचा फोन. बायकोला सातवा महिना. भाडेकरार आणखी दीड वर्षाचा होता, पण घरमालकाच्या भाच्याला त्या जागेत दुकान थाटायचं होतं, म्हणून मालक कोर्टात गेला होता. आणि कोर्टाने महिनाअखेर घर सोडा म्हणून सांगितलं होतं.

"असं कसं सांगितलं? तू हजर नव्हतास?"

"होतो की. वर्दीत गेलो होतो."

"मग न्यायाधीशांनी तुला काही विचारलंच नाही?"

"विचारलं. तुमची काही तक्रार आहे का, म्हणाले."

"आणि तू काय म्हणालास?"

ड्रायव्हरचे कान लाल झाले. "तक्रार नाही, साहेब."

इथंच तर घोडं पेंड खात होतं. दर शुक्रवारी मोठे साहेब रांगेपुढून चालत जात आणि प्रत्येकाला विचारत, काही तक्रार? बूट चावत असो, छत गळत असो, जो तो छाती काढून म्हणे, नाही साहेब. नऊ वर्षं हेच चाललेलं. मग उंच खुर्चीवरच्या माणसाने त्याच सुरात तोच प्रश्न विचारल्यावर टाचा आपोआप जुळल्या, आणि पुढचं तोंडानेच परस्पर उरकून टाकलं.

"अरे कर्मा!" बाई ओरडल्या. "बंदुकीला भीत नाहीस, आणि भाच्याच्या दुकानासाठी राहतं घर सलाम ठोकून देऊन आलास?"

"ती कुठे राहील, मॅडम? माहेरी कुणी नाही तिला. तिकडे माझा फोनही लागायचा नाही." एवढं बोलताना त्याचा आवाज फाटला, आणि बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी मुकाट्याने करार मागून घेतला, शेवटचं पान उलटलं आणि बोट ठेवलं.

"ही दुसरी सही कुणाची?"

"तिची. दोघांच्या नावावर आहे घर."

"तिला कोर्टाने बोलावलं होतं?"

"नाही. मीच म्हटलं, तिला कशाला त्रास."

"देव पावला!" म्हणत बाईंनी फोन उचलला. पलीकडे तीच, आधी फोन करावा अशी वकीलबाई. तिने सगळं ऐकून घेतलं. पगाराची चिठ्ठी घेऊन या, झेपेल तेवढंच घेईन, म्हणाली. "माझी अट एकच. नवऱ्याने कोर्टात तोंड उघडायचं नाही."

गुरुवारी यादीबाई रजा टाकून कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. वकीलबाईने दोन वाक्यांत सांगितलं, करारावर दोन सह्या आहेत आणि एकीचं म्हणणं कुणी ऐकलेलंच नाही. न्यायाधीशांनी ड्रायव्हरच्या बायकोकडे पाहिलं. "तुमची काही तक्रार आहे का?"

"आहे," ती उभी राहत म्हणाली, आणि सुरूच झाली. नळाला सात महिने पाणी नाही, खालच्या मजल्यावरून बादल्या वाहते. मागच्या दाराची कडी मोडलेली, दाराला टेबल लावून झोपते. मालक रोज जिन्यात उभा राहून कधी निघताय म्हणून विचारतो. गेल्या महिन्यात चक्कर येऊन जिन्यात पडले, शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलं. एवढं सोसूनही घर सोडायचं नाही, कारण दवाखाना चार पावलांवर आहे आणि काकू भिंतीपलीकडे आहेत. मालक मधे बोलायला गेला, तर "थांबा, तुमचंच चाललंय," म्हणून तिने त्याला खाली बसवलं. न्यायाधीश हसू दाबत लिहून घेत होते. आधीचा हुकूम रद्द झाला. करार संपेपर्यंत कुणी तिला हलवायचं नाही, आणि नळ व कडी मालकाने आठवड्यात दुरुस्त करून द्यायची.

यादीबाईंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाहेर येऊन त्या वकीलबाईच्या गळ्यातच पडल्या.

ड्रायव्हर मात्र व्हरांड्यात खांबाशी उभा होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो.

"तू जिन्यात पडलीस?" त्याने बायकोला विचारलं. "मला का नाही सांगितलंस? दर रविवारी फोनवर विचारत होतो मी, सगळं ठीक ना म्हणून."

"अहो, तुम्ही विचारायचातच असं, की ठीक म्हणण्यावाचून इलाज नसायचा." ती हसली, पण डोळे भरून आले होते.

त्याने व्हरांड्यातला बाक पुसला, तिला बसवलं आणि शेजारी बसला.

"अजून चार दिवस आहेत," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

"सगळं?"

"सगळं."

"मग ऐका," ती पदर सावरून म्हणाली. "पहिली तक्रार तुमचीच आहे."