चुलीत घातलेलं पत्र

फादर झालेला आनंदराज मुखेडच्या चर्चात पहिली मिस्सा, म्हणजे फादरनं चालवायची उपासना, करणार होता. त्याआधी तो जाळीआड बसला, त्याच्यापुढं पापनिवेदनाची रांग लागली आणि सगळ्यांत मागं त्याचा बाप उभा राहिला. हा पौलस म्हणजे जन्मात कुणापुढं न वाकलेला गडी. तो पोटच्या पोरापुढं गुडघ्यावर आला.

"फादर, माज्या पोराला फादर व्हायला बोलावणारं पत्र म्या चुलीत घातलं. आलंच न्हाई म्हणलो. पोराचं अख्खं साल गेलं."

जाळीपलीकडून आनंदराज म्हणाला,

"प्रायश्चित्त म्हणून आज मिस्सेची घंटा तुम्ही वाजवा."

मग पापक्षमेचे शब्द आले, एकही न गाळता.

पौलसनं घंटा अशी बडवली की बाजारातली माणसं धावत आली.

"काय झालं हो?"

"माफ केलं!" दोर न सोडता तो ओरडला. "मला माफ केलं!"