मागून उघडे सदरे

मी एक जुने शिलाई मशीन आहे, मित्रांनो. मला दुकानातून आणले तेव्हा माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. ती मावशींच्या मनगटाने पुसून काढली.

मावशी म्हणजे माझ्या मालकीणबाई. नवरा गेल्यावर त्यांनी माझ्यावरच घर चालवले. सकाळी मला तेल घातले की त्या म्हणत, "प्रभू, आजचं काम तुझ्या नावानं. टाका वाकडा पडू देऊ नकोस." मग दिवसभर फाटक्या विजारी, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. चर्चमध्ये त्यांना फारसे कुणी विचारत नसे. म्हणून प्रभुभोजनाच्या मेजासाठी नवे पांढरे कापड शिवायला पाळकांनी सांगितले, तेव्हा मावशींना आभाळ ठेंगणे झाले. कापड रविवारी हवे होते.

शनिवारी दुपारी ते शिवायला घेतले आणि दारात शेजारी राहणारी धाकटी जाऊ येऊन उभी राहिली. घराच्या वाटणीवरून दोघींचे बोलणे बंद होते. तिच्या हातात नवऱ्याचे सदरे होते.

"जाऊबाई, हे मागून उघडे करून नाड्या लावून द्याल का? त्यांना आता उठवत नाही. सदरा घालताना हात वर केला की कळवळतात."

मावशींनी मानही वर केली नाही. "सोमवारी बघू. देवाचं काम आहे हातात."

"बरं," म्हणून जाऊ वळली.

मावशींनी पायडल मारले, थोडे शिवले आणि थांबल्या. माझी सुई कापडात तशीच रुतून राहिली. मग त्यांनी ते कापड घडी करून बाजूला ठेवले आणि दारातून हाक मारली, "अगं, थांब. आण ते सदरे. आणि भाऊजींना पाठीला कुठे टोचतं ते सांग, तिथे शिवण घेत नाही."

संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केले. नाड्या मऊ कापडाच्या, गाठी कुशीवर येतील अशा. एवढ्या निगुतीने मावशींनी लग्नाचे कपडेही शिवले नव्हते. मग मेजाचे कापड पुन्हा घेतले, पण दिव्याच्या उजेडात पांढऱ्यावर पांढरा टाका त्यांना दिसेना.

रविवारी चर्चमधून ते कापड परत घेऊन आल्यावर त्या जावेला सांगत होत्या, "पाळकांना म्हटलं, एक बाजू राहिली, दिराचे सदरे शिवत होते. तर म्हणाले, 'मग देवाचं काम झालंच की.' आणि तसंच अंथरलं, दोरे लोंबत."

"लोक बघत असतील."

"बघत होते. मला लाजही वाटली थोडी."

जाऊ स्टूल ओढून बसली, सुईत दोरा ओवला आणि राहिलेली बाजू मांडीवर घेतली.

दीर फार जगले नाहीत. पण कपडे घालताना पुन्हा कळवळले नाहीत, असे जाऊ सांगत असे. मावशींच्या पश्चात तिनेच मला आपल्या घरी आणले. आता तीही थकली आहे. माझा पट्टा सैल पडला आहे आणि माझ्यावर औषधाच्या बाटल्या ठेवतात.

मित्रांनो, त्या बाटल्या जरा खाली उतरवा. थोडे तेल घाला, नवा पट्टा चढवा. देवासाठी काय शिवायचे, असे विचारू नका. शेजारी कुणाचे काही उसवले आहे का, तेवढे बघून या.