मुकी कार्डं

आप्पा मला अकरा वर्षांत एकदाही "वा" म्हणाले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते ऐकताना तुम्ही मला निदान दोन मिनिटं तरी माणसांत धराल.

आप्पा म्हणजे माझे सासरे. कचेऱ्यांनी टाकून दिलेले लॅपटॉप आणायचे, खोलायचे, साफ करायचे, त्यांच्यावर मुक्त प्रणाली चढवायची आणि ते शाळांना, वाचनालयांना द्यायचे, हे आमच्या घरच्या कार्यशाळेचं काम. मुक्त प्रणाली म्हणजे मशीन चालवणारी, पण जिची ओळ न् ओळ कोणीही उघडून वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी अशी. आप्पांचा तिच्यावर भारी जीव. भिंतीवर त्यांनी जाड पेनाने लिहूनच ठेवलं होतं: 'जे वाचता येत नाही ते घालायचं नाही.' मी लग्न होऊन आले तेव्हा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की निघतो तेही मला ठाऊक नव्हतं. पण ती ओळ मी पहिल्या आठवड्यात पाठ केली आणि अकरा वर्षं पाळली.

पाळणं काही सोपं नव्हतं. बहुतेक लॅपटॉपांचं वाय-फाय कार्ड आपणहून बोलत नाही. मशीन सुरू झालं की दर वेळी त्याला एक फाइल भरवावी लागते. फर्मवेअर म्हणतात तिला. कंपनी ती फुकट देते, पण आत काय लिहिलंय ते कोणाला वाचू देत नाही. म्हणजे आमच्या भिंतीवरच्या नियमात ती बसत नाही. अशा कार्डांना मी मुकी कार्डं म्हणायची. मुकं कार्ड निघालं की मी ते उपसून काढायची आणि माझ्या बिस्किटांच्या डब्यातलं बोलकं कार्ड बसवायची. जुन्या बनावटीचं, फाइलबिइल न मागणारं. ही बोलकी कार्डं शोधायला मी भंगारवाल्यांच्या ढिगांपुढे किती वेळ बसले असेन, ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

एवढं सगळं करून मशीन आप्पांपुढे ठेवलं की ते झाकणावर बोट आपटायचे, "ठीक आहे" म्हणायचे, आणि मशीन सरळ खोक्यात. उघडूनसुद्धा बघायचे नाहीत.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. कुठल्याशा कंपनीतली नोकरी सोडून आमच्या कार्यशाळेत येऊन बसली. आमच्याकडे एक फडताळ होतं, त्यात वाया गेलेली मशीनं. कार्ड मुकं, आणि माझं बोलकं कार्ड घातलं तर मशीन सुरूच व्हायला नकार देई. काही कंपन्या तशी व्यवस्थाच करून ठेवतात, परकं कार्ड दिसलं की अडून बसायचं. तिसऱ्याच दिवशी धाकटीने त्यातलं एक मशीन काढलं.

"वहिनी, ह्याचं स्वतःचंच कार्ड राहू द्या ना. एक फाइल घातली की चालेल."

"भिंत वाचलीस का?" मी विचारलं.

तिने वाचली. हसली आणि थेट आप्पांकडे गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला विचारायचं सोडून!

"आत काय आहे त्या फाइलमध्ये?" आप्पांनी विचारलं.

"माहीत नाही, आप्पा. कोणालाच माहीत नाही. पण हे मशीन फडताळात पडून राहिलं, तर ज्या मुलीला ते मिळायचं तिला बाकीचंही काही वाचायला मिळणार नाही. आणि खरं सांगू का, वहिनींच्या बोलक्या कार्डांतही असलंच काहीतरी कारखान्यातच भरलेलं असू शकतं. आपल्या हाताने जात नाही, एवढंच."

मी वाट बघत होते की आप्पा आता भिंतीकडे बोट दाखवतील. त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "घाल. पण यादी ठेव. कुठल्या मशीनमध्ये वाचता न येणारं काय आहे, ते ज्याला मशीन देऊ त्याला सांगायचं."

तिने फाइल घातली, मशीन बंद करून चालू केलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात नेटवर्क उमटलं.

"वा, बाळा!" आप्पा म्हणाले.

त्या दिवशी मला ताप आल्यासारखं झालं. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, नव्याचे नऊ दिवस." नऊ दिवस झाले, नव्वद झाले. धाकटीने मशीन ठेवलं की "वा, बाळा!" आणि तेवढ्यावर भागत नव्हतं. तिचं मशीन आप्पा आपल्या टेबलावर न्यायचे, चष्मा लावायचे आणि अर्धा-अर्धा तास त्यात रमायचे. तिची यादी वाचायचे, आवाज तपासायचे, कॅमेऱ्यात स्वतःकडे बघून घ्यायचे. माझ्या मशीनवर नुसतं एक बोट. मी जळत होते. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मी तिच्यावर जळत होते, तिच्या फाइलवर जळत होते, आप्पांच्या चष्म्यावरसुद्धा जळत होते.

त्यात आप्पांनी जाहीर केलं की डोळे दमले, आता पुरे. कार्यशाळेचा एक मुख्य पेनड्राइव्ह होता, आप्पांच्या गळ्यात बुटाच्या नाडीत अडकवलेला. प्रत्येक मशीनवर प्रणाली चढायची ती त्यावरूनच. त्यावर काय असावं आणि काय नसावं हे ठरवेल त्याचा कार्यशाळेत शेवटचा शब्द. एका मुलींच्या शाळेला चोवीस लॅपटॉप द्यायचे होते. "ते लागले की सोमवारी तिथेच हे तुमच्यापैकी एकीच्या गळ्यात घालतो," आप्पा म्हणाले. एकीच्या! मी तिथे काय भाजी निवडत होते अकरा वर्षं?

चोवीसच्या चोवीस मशीनं मुकी निघाली. माझ्या डब्यात बोलकी कार्डं उरली होती नऊ. साहजिकच काम धाकटीच्या पद्धतीने झालं. मी पडदे पुसले.

शनिवारी दुपारी सगळी मशीनं टेबलांवर चालू होती. धाकटी आणि आप्पा मागच्या खोलीत जेवत होते. तेवढ्यात आप्पा हसले. खदखदून. त्यांनी आयुष्यात दुरुस्त केलेलं पहिलं मशीन पेटलं होतं आणि त्यांनी त्यावर पाण्याचा तांब्या ओतला होता, ती गोष्ट ते तिला सांगत होते. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते, तीही भिंतीपलीकडून.

मी माझ्या मशीनपुढे बसले. तिथून चोवीसही मशीनांना एकदम हुकूम देता यायचा. मी एकच ओळ लिहिली. मुक्या कार्डांची फाइल पुसा, सगळीकडची. कळ दाबली.

काहीच झालं नाही. होणारही नव्हतं, हे मला माहीत होतं. कार्डांनी सकाळीच फाइल पोटात घेतली होती. मशीन बंद होईपर्यंत कार्डं बोलतच राहणार होती. बंद करून पुन्हा चालू केलं, की मग मुकी.

धाकटी हात पुसत आली, चोवीस मशीनं एकेक करून बघितली, चोवीस ठिकाणी नेटवर्क होतं. तिने ती बंद केली आणि आम्ही दोघींनी मिळून खोक्यांत भरली. "वहिनी, तुम्ही किती नीट गुंडाळता हो," ती म्हणाली. मला तेही टोचलं.

रविवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता. खोकी उघडून सगळं पूर्ववत करायला दोन तास पुरले असते. मी काय केलं? धाकटी शाळेत सगळ्यांसमोर कशी ततपप करेल, आप्पांना ती भिंत कशी आठवेल आणि मी पिशवीतून डबा कसा काढीन, हे रंगवत बसले. डब्यात नऊ कार्डं आणि मशीनं चोवीस, आणि तीही परक्या कार्डाला अडून बसणारी, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी शाळेच्या लांबट खोलीत बारा-बारा मशीनांच्या दोन रांगा लावल्या. मुख्याध्यापिका बाई दाराशी उभ्या होत्या. मागे बाकांवर एक वर्गभर मुली. दुसऱ्या गावातल्या गणिताच्या बाई पडद्यावरून त्यांचा पहिला तास घेणार होत्या. धाकटीने पहिलं मशीन चालू केलं. नेटवर्क नाही. दुसरं. नाही. सहाव्या मशीनपर्यंत तिचे कान लाल झाले होते.

"माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "शनिवारी मी बघितलं होतं, आप्पा. शपथ. चोवीसही चालत होती."

हाच तो क्षण, ज्यासाठी मी रविवार घालवला होता. आप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं असं, बाळा."

घ्या! चुकली तरी बाळाच!

"रोजनिशी उघड," आप्पा म्हणाले.

रोजनिशी म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली नोंद. कोणी, किती वाजता, कुठला हुकूम दिला, सगळं नावानिशी. ती प्रत्येक मशीनवर मीच चालू करून ठेवत आले होते. कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या मशीनमध्ये जे घडतं तेही वाचता आलं पाहिजे, असं मला माझ्या पहिल्याच वर्षी वाटलं होतं. आणि शनिवारी ती पुसायची सोडा, ती आहे हेच मी विसरले होते. आपल्या श्वासाची कोण आठवण ठेवतो?

धाकटीने रोजनिशी उघडायला हात पुढे केला.

"नको उघडूस," मी म्हटलं. "फाइल मी पुसली. शनिवारी, तुम्ही जेवत होतात तेव्हा."

"का?" आप्पांनी विचारलं.

काहीतरी चांगलं सांगता आलं असतं. भिंत होती ना, तिच्यावर ढकलता आलं असतं. तुमचा नियम राखला म्हणाले असते, तर कदाचित खपलंही असतं. पण आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून खरंच बाहेर आलं.

"तुम्ही तिला 'वा' म्हणता. मला कधीच म्हणत नाही. मी जळले तिच्यावर."

चाळीस मुलींसमोर हे फार विचित्र ऐकू आलं. मागच्या बाकावरची एक खुदकन हसली. बाईंनी तिच्याकडे डोळे वटारले.

आप्पांनी तरीही रोजनिशी उघडली. माझं नाव, वेळ आणि माझी ती एक ओळ त्यांनी ओठ हलवत पूर्ण वाचली.

धाकटीने पर्समधून दोन पेनड्राइव्ह काढले आणि माझ्याकडे न बघता एक माझ्यापुढे ठेवला. "फाइल दोन्हींवर आहे. ती रांग तुमची, ही माझी," ती म्हणाली. 'वहिनी' म्हणाली नाही.

मी बसले. अकरा वर्षांत जी फाइल हातात धरली नव्हती ती बारा वेळा माझ्या हाताने घातली. बारा वेळा मशीन बंद केलं, चालू केलं. नेटवर्क येत गेलं. तास सुरू झाला. पडद्यावरच्या बाई अपूर्णांक शिकवू लागल्या.

आप्पा उठले. ते आधी धाकटीच्या रांगेकडे गेले. मला वाटलं, आता चष्मा निघणार, आता अर्धा तास कौतुक. पण आप्पा थांबलेच नाहीत. चालता चालता एकेका झाकणावर बोट आपटत शेवटापर्यंत गेले आणि म्हणाले, "ठीक आहे." मग गळ्यातली नाडी काढली आणि तो पेनड्राइव्ह धाकटीच्या हातात ठेवला.

नंतर ते माझ्या रांगेत आले. रिकामी खुर्ची ओढली आणि पहिल्या मशीनवरच्या मुलीला जरा सरकायला सांगून बसले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. रोजनिशी उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. फाइल जागेवर आहे का ते बघितलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि नेटवर्क येईपर्यंत पडद्यावरची नजर काढली नाही. मग दुसरं मशीन. मग तिसरं.

ज्याच्यावर पूर्ण भरवसा असतो त्याचं मशीन आप्पा उघडत नाहीत, हे मला तिथे उभं राहून कळलं. अकरा वर्षं मी त्या एका बोटाचा राग केला होता.

तास संपला, मुली उठून गेल्या. आप्पांचं बारावं मशीन बघून झालं. त्यांनी चष्मा काढून मिटला आणि माझ्याकडे बघून, अगदी मायेने, हसले.

"वा, बाळा," ते म्हणाले.