चार शिट्ट्यांचा मध्यम बटाटा

मित्रांनो, मी एक जुना बटाटा आहे. लगेच नाक दाबू नका. मला कोंब फुटत नाहीत, मी सडत नाही आणि आजवर मला कोणी खाल्लेलंही नाही. मी प्लॅस्टिकचा आहे.

माझा जन्म साच्यात झाला. तो साचा ज्या खऱ्या बटाट्यावरून काढला, तो माझा बाप. काम झाल्यावर कामगारांनी त्याला सोलून, मीठ लावून खाल्लं. बापाचं सोनं झालं. माझ्या बुडाला मात्र शिक्का बसला: ‘बटाटा, उकडलेला, मध्यम’. मध्यम! नुकत्याच जन्मलेल्याला असं तोंडावर कोणी बोलतं का?

तिथून मी आलो विद्यापीठाच्या पोषणशास्त्र विभागात. एका ट्रेमध्ये मी, प्लॅस्टिकचं अंडं, पावाचा स्लाइस आणि वाटीभर न सांडणारा भात. आमचं काम साधं. विद्यार्थी समोरच्या माणसाला विचारणार, ‘काल दिवसभरात काय काय खाल्लंत?’ तो म्हणणार, ‘बटाटा.’ मग मला पुढे करून विचारायचं, ‘एवढा? की याहून मोठा?’ म्हणजे खाणं नीट मोजता येतं.

सुरुवातीला माझा काय थाट होता! शिकवणाऱ्या मॅडम पहिल्यांदा मलाच उचलायच्या. मुलं दाबून बघायची, वास घ्यायची. मला वाटलं, आपण विज्ञानाची सेवा करणार.

डोंबलाची सेवा! मित्रांनो, बटाटा खाल्ला असं कोणी कबूलच करत नाही. ‘बटाटा? छे हो, आमच्या घरात येतच नाही.’ बोलणाऱ्याच्या मिशीला वेफरचा चुरा, आणि कागदावर माझ्यापुढे शून्य. वर्षानुवर्षं शून्य! मग बाजारातले पोतीच्या पोती बटाटे जातात कुठे, फिरायला?

मॅडम मुलांना बजावायच्या, ‘चेहरा सपाट ठेवा. तुमच्या कपाळाला आठी पडली की समोरचा घाबरतो आणि थापा मारतो.’ सगळे शिकले. एकीला मात्र काही केल्या जमेना.

तिला वर्गात भुवई म्हणायचे. समोरच्यानं दुसरी पोळी म्हटली की हिची डावी भुवई टुणकन वर. तिसरी म्हटली की केसांत जाऊन बसायची. या भुवईपायी ती प्रॅक्टिकलला एकदा नापास झाली होती. पुन्हा नापास झाली तर वर्ष गेलं आणि बापाच्या दुकानात पुड्या बांधणं आलं. बापानं तसं सांगूनच ठेवलं होतं.

ती शहरात आत्याकडे राहायची. आत्या शिवणकाम करायची, तोंडानं फटकळ, आणि तिला शुगर. भुवईनं आत्याला खाण्याचा तक्ता करून दिला होता. आत्या तक्ता पाळायची म्हणे, पण शुगर काही खाली यायची नाही. भुवई वैतागून गेली होती. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मॅडमना विचारून तिनं मला सरावासाठी घरी नेलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मला आत्याच्या नाकासमोर धरलं. ‘काल याच्याएवढे किती खाल्लेस?’

‘अर्धा.’

‘अर्ध्या बटाट्यानं शुगर एवढी चढते होय गं आत्या?’ भुवई गेली वर.

‘तुझ्या पुस्तकात छापायची चूक असेल. दे पाठवून त्यांना.’

‘तू ना, मला नापास करणार आहेस!’ असं म्हणून तिनं मला ओट्यावर आपटलं आणि दप्तर उचलून तणतणत निघून गेली. मी घरंगळलो तो थेट बटाट्यांच्या टोपलीत.

पहिल्यांदाच मला खरे भाऊबंद भेटले. पण ओळखपाळख व्हायच्या आत आत्याचा हात आला. चष्मा शिलाई मशीनवर राहिलेला. भाची बाहेर पडल्याची खात्री करून बाईनं तीन बटाटे आणि एक मी असे चार कुकरमध्ये टाकले. म्हणे अर्धा!

मित्रांनो, आतला प्रकार मी सांगत नाही. एक शिट्टी, दोन, तीन. चौथ्या शिट्टीला माझी एक बाजू फुगली आणि शिक्का पोटात गेला.

तेवढ्यात दार वाजलं. भुवई धापा टाकत परत आली होती. ‘आत्या, माझा बटाटा राहिला! ट्रे पुरा नसेल तर बसू देत नाहीत!’

‘कुठला बटाटा? मी बटाट्याला हातसुद्धा लावत नाही,’ आत्या म्हणाली, आणि कुकरवर पदर टाकायला गेली.

पण वाफ जायला लागली होती, आणि तिला जळक्या चपलेचा वास येत होता. भुवईनं झाकण काढलं. तीन भाऊबंद मऊ होऊन फुटले होते. मध्ये मी, वाकडा, पण कडक.

डावी भुवई निघाली वर. ते बघून आत्या भडकलीच. ‘बघ, बघ, गेली वर! तू शिकायला लागल्यापासून या घरात मी जेवत नाही गं, पेपर देते! घास उचलला की ती भुवई. म्हणून तू गेल्यावर खाते, उभ्या उभ्या, चोरासारखी. आणि चोरून खाताना माणूस पोट भरलं तरी थांबत नाही.’

भुवईनं दप्तर बाजूला टाकलं. तिनं तळहातानं डावी भुवई गच्च दाबून धरली आणि खाली बसली. ‘आता सांग.’

आत्यानं कपाळावरच्या त्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, ‘तीन. रोज. कधी चार. वर तेल.’

हातामागे भुवई धडपडत होती, मला दिसत होतं. पण हात हलला नाही. मग दोघींनी ते तिन्ही बटाटे फेकून दिले. माझा रंग लागला होता ना! आत्याचा जीव तुटला.

ओल्या फडक्यात गुंडाळून मला परीक्षेला नेलं. समोर मुलाखतीसाठी बोलावलेला एक बसचालक. भुवईनं टेबलावर कोपर टेकलं, कपाळ तळहातावर ठेवलं आणि मला पुढे केलं. ‘काल याच्याएवढा…?’

‘अहो, याला काय झालं?’ तो हसला. ‘गाडीखाली आला का?’

‘कुकरमध्ये गेला होता.’

तो आणखी हसला. मग म्हणाला, ‘दोन लिहा. नाही, थांबा. संध्याकाळचे दोन राहिलेच. चार लिहा.’

चार! मित्रांनो, माझ्या नावापुढे पहिल्यांदाच शून्य सोडून काहीतरी पडलं. मी भरून पावणार, तोच मॅडमनी मला उचललं, फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हिला पास करा. आणि हा काढून टाका, हा आता मध्यम राहिला नाही.’

मुलगी पास, बटाटा नापास! हा न्याय!

आता मी आत्याच्या फडताळात असतो. जेवताना भाची कपाळावर हात ठेवून विचारते आणि आत्या माझ्याकडे बोट दाखवते, ‘या वाकड्याएवढे दोन.’ शुगर अजून हवी तेवढी उतरलेली नाही. पण बाई आता बसून जेवते.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मला धूळ चालते, कुकरही चालला. पण तुमच्या घरात कोणी काय खाल्लं ते खरं सांगत असेल, तर तेवढा वेळ भुवई खाली ठेवा. नाहीतर पुन्हा कुठल्यातरी बटाट्याला चार शिट्ट्या सोसाव्या लागतील.