खाली कोण राहतं

आमच्या मुलीला घरात टिटवी म्हणतात. हे नाव तिच्या बापानं ठेवलं. चालायला लागल्यापासून ती चवड्यांवर चालते, टाच म्हणून जमिनीला लावत नाही. लांबून पाहिलं तर बारीक पायांचा एखादा पक्षी फरशीवरून तुरुतुरु चाललाय असंच वाटतं. सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटायची. पाहुणे म्हणायचे, "नाचणार बघ ही पुढे." मी हसायचे, आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं की तिच्या टाचांकडे बघत बसायचे. बघत बसणं हा माझा स्वभाव आहे आणि कामही तेच. पुस्तकं छापायला जाण्याआधी मी घरी बसून तपासते. ओळीत कुठं काय चुकलंय हे शोधून द्यायचं.

ती तीन वर्षांची झाली तेव्हा गंमत संपली. मुलांच्या हाडांचे डॉक्टर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून बसतात. त्यांनी तिला टेबलावर निजवलं, पावलं वर दाबून पाहिली, मग खोलीभर चालवलं.

"पायात दोष काही नाही," ते म्हणाले. "पण अशीच चालत राहिली तर टाचेमागची शीर आखडेल. मग प्लास्टर घालावं लागेल, आणि त्यानंही नाही जमलं तर ऑपरेशन. सध्या व्यायाम देतो. घरात असं चालण्यासारखं काही कारण?"

"नाही," मी म्हटलं.

"दोन-तीन महिन्यांनी आणा परत."

त्याच सुमारास नवऱ्याला निरोप आला. नवरा चष्मे बनवतो. शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या मागे खिडकी नसलेली खोली आहे, तिथं तो दिवसभर काचा कापून फ्रेममध्ये बसवतो. ज्यांच्या डोळ्यांवर त्या चढतात ती माणसं त्याला कधी दिसत नाहीत. ज्या आजोबांकडे तो हे काम शिकला ते बऱ्याच वर्षांपूर्वी दूरच्या एका लहान गावी जाऊन दुकान चालवत होते. आता त्यांचा हात थरथरायला लागला होता. त्यांनी कळवलं, दुकान तू घे, मागचं घरही घे, आम्ही म्हातारा-म्हातारी बाजूच्या दोन खोल्यांत मावतो.

त्या दिवसापासून नवरा जेवताना मध्येच थांबून भिंतीकडे बघून हसायला लागला. मला ते लक्षण बरं दिसेना.

आमच्या घरात भांडणंसुद्धा हळू आवाजात होतात.

"इथं असं काय आहे?" तो कुजबुजला.

"दोन गल्ल्यांवर डॉक्टर आहे."

"आणि?"

"आणि माणसं आहेत. वर आहेत, खाली आहेत, दोन्ही भिंतींना आहेत. तू कामावर असताना हिला काही झालं, मलाच काही झालं, तर नुसती हाक मारली तरी चार दारं उघडतील. तिथं काय वाऱ्याला हाका मारू?"

"त्या चारांपैकी एकाचं तरी नाव सांग."

"हाकेला नाव कशाला लागतं?"

"तेही खरंच. आग लागली की ओरडायचं, अहो खालचे!"

"हळू बोल," मी म्हटलं. "ऐकू जाईल."

खालचे म्हणजे आमच्या बरोबर खालच्या घरात राहणारे काका. एकटे होते. दोन-तीनदा लिफ्टमध्ये दिसले होते, हातात काठी, बगलेत वर्तमानपत्र. टिटवी रांगत होती तेव्हा एका दुपारी ती स्टीलची वाटी फरशीवर आपटत बसली होती, आणि खालून छताला काठीचे तीन ठोके आले. एवढंच. ते वर आले नाहीत, तक्रार केली नाही, पुढच्या वेळी लिफ्टमध्ये मानही हलवली. पण माझ्या कानशिलांना जो चटका बसला तो बसलाच. मी खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले, चेंडू कपाटावर ठेवला, जाड सतरंजी अंथरली. आणि दिवसातून कितीदा तरी म्हणायला लागले, "हळू गं, खालचे काका झोपलेत." मोरीतल्या पाईपातून दुपारी खोकला ऐकू यायचा. तो ऐकला की मला उलट बरं वाटायचं. माणूस आहे.

शेवटी दोन दिवस जाऊन गाव बघून यायचं ठरलं. "बघायला काय हरकत आहे," नवरा म्हणाला. असली वाक्यं कुठं जातात ते मला माहीत आहे. लग्नाआधी मीही असंच बघायला गेले होते.

गावात उतरलो. एकच मोठा रस्ता, त्यावर दुकान, मागे बैठं घर, पुढे पेरूचं झाड. उतरून पाणीही प्यायलो नव्हतो तोच समोरच्या घरातली बाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "हीच का ती? मागच्या महिन्यात गोवर आला होता ती? आता खाते ना नीट?" आजोबांनी सगळं आधीच पोचवलं होतं. मला बघायची सवय आहे, कुणी मला बघण्याची नाही. मी टिटवीचा फ्रॉक उगाचच सारखा केला.

नवरा लगेच दुकानात शिरला. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. एका शेतकऱ्यासारख्या रापलेल्या माणसाच्या नाकावर त्यानं चष्मा ठेवला, कानामागे काडी वाकवली, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. तो माणूस आरशात न बघता सरळ नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "अरे, तू तर पोरगाच आहेस की!" दोघंही हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला काम करताना हसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आजी मला घर दाखवत होत्या. गुळगुळीत दगडी फरशी, उंच खिडक्या, मागे हौद. मुलांचे डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात, हे त्यांनी मी न विचारता सांगून टाकलं.

"आणि बाकीच्या दिवशी?" मी विचारलं.

"बाकीच्या दिवशी गाडी करून जायचं. तासभर लागतो. खोटं कशाला सांगू? उद्या तूच म्हणशील, म्हातारीनं फसवलं." मग टिटवीकडे बघून म्हणाल्या, "हिच्या पायाखाली काटे आहेत का गं? अशी का चालते?"

"सवय आहे," मी म्हटलं.

एवढ्यात त्यांच्या हातून पितळेची परात सुटली. दगडावर ती अशी काही वाजली की हौदावरचे पारवे उडाले. टिटवी जागच्या जागी ताठ झाली. मग चवड्यांवर आजींजवळ गेली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "शूऽऽ. खाली झोपलेत ना."

"कोण झोपलंय?"

"खाली राहतात ते."

"अगं, खाली कोण राहणार? खाली माती आहे."

टिटवीनं फरशीकडे बघितलं. "मातीत कोण राहतं?"

"गांडुळं."

"ती झोपलीत?"

"ती कसली झोपतात मेली, दिवसभर राबत असतात."

टिटवीला ते पटलं नसावं. ती आधीपेक्षाही हलकी पावलं टाकत, हात दोन्ही बाजूंना पसरून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. कुणाचीही झोप मोडू नये अशा बेतानं.

आजी पदराला हात पुसत हसत होत्या. मी दाराची चौकट धरून उभी होते. घरात काही कारण, असं डॉक्टरांनी विचारलं होतं.

परतीच्या बसमध्ये टिटवी माझ्या मांडीवर झोपली तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. परात, गांडुळं, सगळं. मला वाटलं होतं तो म्हणेल, बघ, मी सांगत नव्हतो? तो म्हणाला नाही. त्यानं तिची टाच तळहातात घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"म्हणजे पाय चांगले आहेत," तो म्हणाला.

"पाय चांगले आहेत."

"मग आता?"

"मग आता एवढंच करायचं की तिला खाली घेऊन जायचं. काकांना भेटवायचं. ते माणूस आहेत, खातात-पितात, जागे असतात, हे तिला दिसलं की भीती जाईल. त्यासाठी घर सोडायची गरज नाही."

"आजार म्हशीला आणि औषध पखालीला," तो म्हणाला. पण हसला नाही. मग म्हणाला, "आजोबांना आठवड्यात कळवायचंय. तू नाही म्हणालीस तर मी नाही म्हणून कळवीन. कुरकुर करणार नाही."

तो करणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बिस्किटांचा डबा घेतला, टिटवीचे केस विंचरले, आणि आम्ही दोघी निघालो. लिफ्टनं नाही, जिन्यानं. त्या जिन्यानं मी कधी उतरलेच नव्हते. एका मजल्याचं अंतर, पण कोपऱ्यावरची खिडकी, भिंतीवरचे ओरखडे, सगळं परक्या इमारतीतलं वाटत होतं. टिटवीनं माझं बोट घट्ट धरलं होतं.

"काका ओरडतील?"

"नाही गं."

"जागे असतील?"

"खोकत असतात या वेळेला. म्हणजे जागेच."

दार सताड उघडं होतं. आत ओल्या रंगाचा वास. शिडीवर रंगारी, आणि खिडकीशी मोजपट्टी घेऊन एक बाई पडद्याचं माप घेत होत्या. फर्निचर काही नव्हतं.

"काका आहेत?" मी विचारलं.

"कोण काका?" त्या वळल्या. "अच्छा, आमचे भाडेकरू? ते गेले हो. म्हणजे तसे नाही गेले, सोडून गेले. उन्हाळ्याच्या आधीच. बहिणीकडे राहायला गेले, लांब कुठंतरी. तुम्ही नातेवाईक का?"

"नाही. ओळखीची." मग मला एकदम आठवलं. "पण खोकला ऐकू येतो! रोज दुपारी."

"ताई, या इमारतीतले पाईप म्हणजे टेलिफोन आहेत," रंगारी शिडीवरून म्हणाला. "मी काल कुणाचं तरी अख्खं भांडण ऐकलं. सून बरोबर होती."

घरमालकीण हसल्या. मी डबा या हातातून त्या हातात घेतला. उन्हाळ्याच्या आधी. आता पाऊस येऊन गेला, थंडी तोंडावर आली. एवढे सगळे दिवस मी रिकाम्या घरावर हळू चालत होते, आणि हिलाही चालवत होते.

"का गेले?" मी विचारलं. "आवाजानं?"

"आवाज कसला? उलट. म्हणायचे, बाई, फार सामसूम आहे इथं. आधी वर एक लहान मूल होतं म्हणे, त्याची काहीतरी आदळआपट चालायची. मग तेही थांबलं. वरचे लोक घर सोडून गेले असणार, असं त्यांना वाटायचं. एकदा मोरीत पाय घसरला, तासभर पडून होते बिचारे. काठीनं भिंत वाजवली, छत वाजवलं, कुणी आलं नाही. म्हणाले, वर कुणी राहतच नाही तर येणार कोण?"

कधी वाजवलं असेल? मी घरी असले पाहिजे. मी घरीच असते. काठी ऐकू आली असेल आणि मी टिटवीला जवळ ओढून म्हटलं असेल, हळू गं. असं झालंच असेल असं नाही. झालं नसेल असंही मला सांगता येईना.

टिटवी माझं बोट सोडून खोलीच्या मधोमध गेली होती. रिकाम्या खोलीत ती आणखी लहान दिसत होती. तिनं चारही भिंती पाहिल्या, छत पाहिलं, आणि मग पायांकडे बघितलं. चवडे फरशीवर, टाचा हवेत.

"आई," ती कुजबुजली, "इथं खाली कोण राहतं?"

"अगं बाई, गोड आहे!" घरमालकीण म्हणाल्या. त्यांनी मोजपट्टी गुंडाळली. "बरं झालं तुम्ही भेटलात. उद्या एक जोडपं घर बघायला येतंय. पहिला प्रश्न हाच विचारतात सगळे. तुम्हाला माहीत असेल, वर कोण राहतं हो? शांत आहेत ना?"

"शांत आहेत," मी म्हटलं. "पण जाणार आहेत."

"हो का? कुठं?"

"गावाला. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं."

बिस्किटांचा डबा मी रंगाऱ्याला दिला. मग टिटवीला घेऊन जिन्यानं वर निघाले. ती पायरी पायरी चवड्यांवर चढत होती. मी मात्र मुद्दाम पाय आपटत चढले. प्रत्येक पायरीला ती वर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आता श्श म्हणेन, याची वाट बघत.