दोष टिकावाचा नव्हता

मी एक जुना टिकाव आहे. पाते गंजले, दांडा भेगाळला, पण मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही.

इंदापूरच्या बाजारात एका घिसाड्याने मला घडवले आणि शेळगावच्या साखरबाईंनी मला घरी आणले. मी डाळिंबाचे खड्डे खणले, शेताला चर काढले. असा टिकाव गावात दुसरा नाही, असे साखरबाई कौतुकाने सांगत. खंडेनवमीला माझ्या पात्यावर हळदीकुंकू आणि झेंडूचे फूल असे.

घटस्थापनेआधी भिंती पोतारायला पांढरी माती लागे. ओढ्याच्या दरडीत ती खाली होती आणि वर पुरुषभर काळी माती. वरची माती काढायचे कष्ट घेतो कोण? बायका वर्षानुवर्षे खालूनच कोरत राहिल्या. दरडीच्या पोटात खोलीएवढी कपार झाली. चौऱ्याण्णव साली पाऊसही दणकून झाला आणि दरडीच्या माथ्यावर भेग पडली. गुरे वळणाऱ्या म्हस्कूआबांनी ती पाहून, इथे खणू नका, असे बायकांना बजावले.

"आमच्या सासवाबी हितनंच माती न्यायच्या," शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

साखरबाईंची सून सारजा मला घेऊन कपारीत वाकली आणि दरड कोसळली. लोकांनी हातांनी माती उपसून तिला बाहेर काढले. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. पायथ्याला चरणाऱ्या शेळ्या तर गाडल्याच गेल्या.

आणि दोष कुणाला? मला! अपशकुनी म्हणून मला गोठ्याच्या कोपऱ्यात फेकले. त्या खंडेनवमीला विळ्याखुरप्यांची पूजा झाली, मला कुणी धुतलेही नाही. पुढच्या वर्षी बायका नवा टिकाव घेऊन पुन्हा त्याच दरडीला खालून भिडल्या! सांगा, चीड येणार नाही तर काय?

तेव्हा सारजा लंगडत गोठ्यात आली. तिने मला उचलले, खालच्या बायकांना लांब केले आणि नवऱ्याला, नागेशला, माथ्यावरून पायऱ्या पाडायला लावल्या. लोंबकळती माती खाली आली आणि पांढरी माती तिच्याखाली गेली. सण तोंडावर आला, आता पोतारायचे कशाने, अशी कुरकुर सुरू झाली.

"भिती औंदा न्हाय पोतारल्या तरी देवी येती," सारजा म्हणाली. "गेलेला पाय येत न्हाय."

साखरबाईंनी काळ्या मातीचे पहिले घमेले उचलले.

मित्रांनो, दरड खालून पोखरू नका, वरून उतरती करत या. माथ्यावर भेग दिसली तर तिच्याजवळ फिरकू नका. आणि इतके सांगूनही पोखरलीत, तर नंतर टिकावाला शिव्या देऊ नका. आम्ही आपण होऊन कधी खणत नाही.